शंभर शब्दांचा बांध

वाचकहो, या वेळी पिकाविषयी लिहिणार नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल चार-पाच पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या अंकात सविस्तर देतो. तोवर शेतात जागोजाग काठ्या रोवून पक्ष्यांना बसायची सोय करा, एवढे मात्र आजच करून टाका. अळ्या टिपायला त्यांच्यासारखा मजूर नाही, आणि त्याला रोजंदारीही द्यावी लागत नाही.

आज सांगायचे आहे ते एका खेळाविषयी. खेळ लिहिण्याचा आहे. जन्मभर खते, बियाणे आणि औषधे यांखेरीज काही न लिहिलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाने त्यात भाग घेतला, हे ऐकून आमच्या घरी बरीच करमणूक झाली. पण त्या खेळाने माझ्याकडून एक गोष्ट लिहून घेतली, आणि ती लिहिल्यावर मला माझ्याच गावी जाऊन एका माणसापुढे बसावे लागले. ते शेवटी सांगतो. आधी खेळ.

२०२३ चा जून आठवतो ना? मृग कोरडा गेला. पेरण्या खोळंबल्या. पाऊस लांबला की विस्तार अधिकाऱ्याचा फोन दिवसभर वाजतो, आणि त्याच्याजवळ सांगायला एकच वाक्य असते : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नका. हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणत होतो. रात्री फोन पाहिला, तर आमच्या कृषी महाविद्यालयाच्या जुन्या सोबत्यांनी जो गट केला आहे, त्यावर फुलांची चित्रे आणि सुप्रभात. कोणी बँकेत, कोणी बियाण्याच्या कंपनीत, कोणी घरची द्राक्षबाग पाहतो, दोघे-तिघे माझ्यासारखे सरकारी. सगळे पावसाच्या काळजीत आणि कोणालाच काही बोलायचे सुचत नव्हते. तेव्हा एका मित्राच्या मुलीने ही युक्ती काढली. ती कॉलेजात मराठी शिकवते. वडिलांच्या फोनवरून तिने लिहिले, "काका-मावशी, रोज तीच फुलं पाठवण्यापेक्षा एक खेळ खेळा. मी एक शब्द देते. त्यावर आठ दिवसांत एक गोष्ट लिहायची. बरोबर शंभर शब्द. नव्याण्णव नाही आणि एकशे एक नाही."

नियम फार साधे होते. गोष्ट तिच्याकडे पाठवायची. ती नाव काढून, नुसता क्रमांक घालून सगळ्यांना वाचायला देणार. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. वाचणाऱ्याने फक्त एवढेच सांगायचे की कोणत्या गोष्टीतली कोणती ओळ मनात राहिली. लिहिणाऱ्याला वाटले तर त्याने नंतर आपले नाव सांगावे, नाहीतर गप्प बसावे. वाईट बोलायचे नाही, हाही एक नियम होता. पण आमच्यातल्या काहींना तो पहिल्या महिन्यात तीनदा समजावून सांगावा लागला.

हा खेळ तिने रचलेला नाही. इंग्लंडात १९७१ साली एक विनोदी पुस्तक निघाले, त्यात 'ड्रॅबल' नावाचा एक थट्टेचा खेळ दिला होता. खेळणाऱ्यांपैकी जो आधी कादंबरी लिहून संपवील तो जिंकला! पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाने ऐंशीच्या दशकात तो खरोखरच खेळायचे ठरवले. पण पुरी कादंबरी लिहीत कोण बसणार? म्हणून त्यांनी कादंबरीची लांबी ठरवली, शंभर शब्द. १९८८ मध्ये शंभर जणांच्या अशा शंभर गोष्टींचे पुस्तकही निघाले. तेव्हापासून नेमक्या शंभर शब्दांच्या गोष्टीला तिकडे ड्रॅबल म्हणतात. एकूणच अशा चिमुकल्या गोष्टींना 'फ्लॅश फिक्शन' म्हणतात, आणि आपल्याकडे हल्ली 'अलक', म्हणजे अतिलघुकथा, हा शब्द रुळला आहे.

नाव परके असले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त गोळा केले. ते ११४ आहेत, आणि त्यांतले कित्येक पोस्टकार्डावर मावतील एवढेच आहेत. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांतलीच. खांडेकरांच्या रूपककथा आमच्या पिढीने शाळेत वाचल्या. भागलपूरला डॉ. बलाइचाँद मुखोपाध्याय म्हणून एक डॉक्टर होते. रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा चालवत आणि 'बनफूल' या नावाने बंगालीत अर्ध्या-एक पानाच्या गोष्टी लिहीत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहणाऱ्या माणसाला मोठ्या कागदाची गरज वाटली नसावी, असा आपला माझा समज. मंटोने फाळणीच्या दंगलींवर १९४८ मध्ये 'सियाह हाशिये' हे पुस्तक काढले. त्यातल्या काही गोष्टी दोन-तीन ओळींच्या आहेत. त्या वाचून पाहा. पाच मिनिटांत वाचून होतात आणि रात्रभर झोप लागत नाही.

असो. पहिला शब्द होता 'पाऊस'. मी जेवून बसलो आणि एका बैठकीत लिहून टाकले. मोजले तर ४६० शब्द. त्यात एक शेतकरी होता. त्याने धूळपेरणी केली, पाऊस आला नाही, दुबार पेरणीची वेळ आली, आणि शेवटी एक कृषी अधिकारी येऊन त्याला आंतरपिकाचे महत्त्व पटवून देतो. खाली 'तात्पर्य' असा मथळा देऊन आणखी चार ओळी. आता ४६० चे शंभर करायचे म्हणून मी शेतकऱ्याचे घर काढले, बायको काढली, सोसायटीचे कर्ज काढले, बैल काढले. शेवटी राहिले कोण, तर कृषी अधिकारी आणि आंतरपीक. तसेच पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी पोरीने मला एकट्याला कळवले, "काका, घडीपत्रिका छान झाली आहे. गोष्ट पुढच्या वेळी पाठवा."

हसलो, पण लागलेही. तीस वर्षे लिहिले ते सगळे घडीपत्रिकांसाठीच. जमीन, हवामान, लागवड, खते, पीकसंरक्षण, उत्पन्न. त्या चाकोरीत माणूस कोठे येतच नाही. येतो तो शेवटी, एकरी क्विंटलच्या रूपाने.

त्याच फेरीत दुसऱ्या एकाची, किंवा एकीची म्हणा, गोष्ट आली होती. आमच्या वर्गात त्या काळी चारच मुली होत्या, त्यांतल्या एकीची ती निघाली. गळके घर आहे, पाऊस सुरू होतो, घरातली बाई सात ठिकाणी भांडी मांडते. भांडी संपतात. आठवी गळती लेकराच्या अंथरुणावर. तेथे ती स्वतः जाऊन बसते. बस्स, एवढीच गोष्ट. पर्जन्यमान किती, तालुका कोणता, घरकुल योजनेचा लाभ का मिळाला नाही, काही नाही. द्राक्षबागवाल्या मित्राने लिहिले, "भांडी संपली, ही ओळ." मलाही तीच ओळ राहिली होती.

पुढे वर्ष-दीड वर्ष मी नुसता वाचणारा झालो. खेळ मात्र थांबला नाही. दर पंधरा दिवसांनी शब्द येई : कंदील, बाजार, उसनवार, मावशी, एस.टी. भांडणेही मजेची होत. 'घरी-दारी' हा एक शब्द धरायचा की दोन, यावर दोघे कृषी पदवीधर रात्री साडेअकरापर्यंत भांडले. निकाल असा लागला की मध्ये आडवी रेघ असेल तर एक, मोकळी जागा असेल तर दोन. शीर्षक मोजायचे नाही. आमच्या पोरीने एक गंमत दाखवून दिली. मराठीत 'झाडाखाली' हा एक शब्द, तोच इंग्रजीत लिहिला तर तीन. म्हणजे आपल्या शंभर शब्दांत त्यांच्यापेक्षा जास्त माल मावतो. हे ऐकून सगळ्यांना उगीचच बरे वाटले.

गेल्या दिवाळीच्या आधी शब्द आला, 'बांध'.

आता थोडे घरचे सांगतो. आमचे गाव माझ्या नोकरीच्या तालुक्यात नाही. वडिलांची चार एकर जमीन. ते गेल्यावर २००९ साली आम्हा दोघा भावांत वाटणी झाली, दोन-दोन एकर. मधोमध बांध. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, गावीच असतो, स्वतः कसतो. माझी दोन एकर वाटेकरी पाहतो. २०१४ मध्ये त्या बांधावरून सरकारी मोजणी आणावी लागली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. लग्नाकार्यात समोरासमोर येतो, एका पंगतीत बसतो, पण बोलत नाही. आणि मी कोण? तर २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हा गावोगाव बांधाच्या भांडणावर भाषणे देणारा इसम. बांध कोरला की पावसाचे पाणी थांबत नाही, सुपीक माती ओढ्याला जाते, वीतभर जमिनीसाठी एकरभराचा कस जातो, हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की झोपेतही म्हणेन.

तेव्हा हा शब्द आल्यावर मला वाटले, आता आपण लिहू शकू. विषय घरचाच. लिहिले. ३४० शब्द झाले. त्यात वाटणी होती, गट नंबर होता, मोजणीचा खर्च किती आला तो आकडा होता, आणि मुख्य म्हणजे दादा होता : हट्टी, लोभी, कोणाचे न ऐकणारा. त्याने बांध कोरला, मी समजावले, त्याने ऐकले नाही, मी मोजणी आणली. बांधावर आईने लावलेली चिंच होती, तीही दोन वाक्यांत घातली.

मग विरळणीला बसलो. बाजरीची विरळणी तुम्हाला सांगायला नको. पेरणीनंतर दहाव्या दिवशी एकदा, विसाव्या दिवशी पुन्हा. दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. सांगायला सोपे असते. उपटायला बसले की हात धजत नाही, कारण उपटायचे ते रोपही हिरवेगार, जिवंत असते. मी पाहिले आहे, विरळणी करताना म्हातारी माणसे उपटलेले रोप बांधावर टाकण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे बघतात. द्राक्षवाले घडातले मणी कात्रीने कमी करतात, त्यांनाही हे ठाऊक असेल.

पहिला गेला गट नंबर. मग मोजणीचा खर्च. मग 'हट्टी', 'लोभी' वगैरे विशेषणे काढली. नवल असे की ती काढल्याने गोष्टीचे काहीच अडले नाही. मी समजावले ते वाक्य काढले, कारण खरे म्हणजे मी समजावले नव्हते, ओरडलो होतो. असे करत १५० वर आलो आणि कागद सौ.ला वाचायला दिला. तिने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, पण भावजी उगीचच कशाला कोरतील? त्याआधी काही तरी झालं असेल ना?"

आधी झाले होते. २०१२ साली मी माझ्या शेतात भाड्याचा ट्रॅक्टर घातला. तेव्हा मी स्वतः बांधावर उभा होतो. ड्रायव्हरने विचारले, आणि मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याने मला वीतभर जमीन मिळाली. दादाने कोरला तो पुढच्या वर्षी. हे सौ.ला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते, असे मी समजत होतो. मोजणीच्या अर्जात ते नव्हते, भावकीपुढे बोललो त्यात नव्हते, आणि ३४० शब्दांच्या त्या कागदातही नव्हते. एवढ्या शब्दांच्या गर्दीत एक वीत सहज दडून राहते. दीडशेवर आल्यावर मात्र बाईमाणसाने वरवर वाचून नेमके तेथेच बोट ठेवले.

त्या रात्री मी कागद फाडला नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. पुन्हा लिहायला घेतले. ११४ वर अडलो. चौदा शब्द जास्त होते आणि चिंचेची दोन वाक्ये बरोबर चौदा शब्दांची होती. ती काढली. हे एक काढताना मात्र मलाही उपटलेल्या रोपाकडे बघावे लागले. झाली ती गोष्ट अशी :

बांध

वाटणी झाली त्या दिवशी आईने आम्हा दोघांना एकाच ताटात वाढले. मधला बांध तेव्हा दोन हात रुंद होता. त्यावरून बैल चालायचा. तिसऱ्या वर्षी माझ्या शेतात भाड्याचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, नांगर वीतभर पलीकडून घेऊ?" मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी दादानेही त्याच्या बाजूने वीतभर कोरला. मग मी ओरडलो. मोजणी आली, दगड रोवले गेले, बोलणे बंद झाले. आई गेली तेव्हा आम्ही खांदा दिला, एक पुढून, एक मागून. काल बांधावरून चाललो. एका पायाची जागा उरली आहे. समोरून दादा आला. दोघांना ओलांडता येईना. त्याने माझा दंड धरला, मी त्याचा. तोल सांभाळत आम्ही जागा बदलल्या. बोललो मात्र नाही. ती पहिली वीत माझी होती, दादा.

गोष्ट सात नंबरने सगळ्यांपुढे गेली. कोणाला 'एका पायाची जागा' ही ओळ राहिली, कोणाला एकाच ताटाची. बियाण्याच्या कंपनीतला एक जण, जो एरवी नुसते विनोद पाठवतो, त्याने रात्री फोन केला. गोष्ट माझी हे त्याने ओळखले होते. इकडचे तिकडचे बोलला, तुरीचा भाव विचारला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "आमच्याकडे विहीर आहे रे. बांध नाही, विहीर." पुढे काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

नाव मी सांगितले नाही. पण गोष्टीतले शेवटचे वाक्य ज्याला उद्देशून होते त्याच्यापर्यंत ती गेलीच नव्हती. आमच्या गटात वाचून वाहवा झाली म्हणजे ते वाक्य पोचले असे होत नाही. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, "पत्र लिहून पेटीत टाकायचंच नसेल तर लिहिलं कशाला?" भाऊबीज झाली आणि दुसऱ्या सकाळच्या एस.टी.ने मी गावी गेलो.

दादा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. मला पाहून त्याने पोते थोडे सरकवले, म्हणजे बसायला जागा झाली. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणला. दोन वर्षांमागे त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, पण बारीक अक्षर अजून लागत नाही. मी कागद त्याच्या सुनेजवळ दिला आणि म्हणालो, "सूनबाई, हे जरा मोठ्यानं वाच." तिने बिचारीने काही न समजता वाचायला सुरुवात केली. मधे आल्यावर तिचा आवाज हळू होऊ लागला. दादा म्हणाला, "वाच की. थांबू नको." तिने पुरे वाचले, कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि आत गेली. वहिनीही आत गेल्या.

दादाच्या हातातले काम चालूच होते. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आपली बांधावर कधी गाठ पडली?"

"नाही पडली. ते रचलंय."

"आन् ती वीत?"

"ती रचलेली नाही."

त्याने पोचट शेंगा एका बाजूला सारल्या. "मला ठावं होतं," तो म्हणाला. "ट्रॅक्टरवाला आपल्याच गावचा. त्यानं त्याच सांजेला सांगितलं."

मला काही सुचेना. विचारले, "मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. एक साल बघितली."

२०१२ ते २०१३. माझ्या गोष्टीत 'पुढच्या वर्षी' असे दोन शब्द आहेत. मी ते नुसते काळ दाखवायला घातले होते. त्या दोन शब्दांत काय होते हे मला ओट्यावर बसल्यावर कळले.

चहा आला. चहा पिताना दादाने विचारले, "शंभर म्हणजे शंभरच? मोजलेस?"

"मोजले. दोनदा."

"मग चिंच कुठं गेली?"

"मावली नाही."

"आईनं लावलेली," तो म्हणाला. "समदं घातलंस. ट्रॅक्टर घातलास, मोजणी घातलीस. चिंच तेवढी गाळलीस."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

निघताना तो बांधापर्यंत आला. आम्ही एकामागून एक चाललो, कारण शेजारी शेजारी चालायला तेथे जागा नाही. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी माती ओढून बांध भरून घ्यायचे बोलणे झाले आहे. पावसाळ्यापूर्वी त्यावर गवत लावून घेतले म्हणजे माती धरून राहील, हे मी सांगितले. ते त्याला आधीच ठाऊक होते. रुंदी किती ठेवायची यावर मात्र अजून एकमत नाही. दादा म्हणतो, पूर्वीसारखा दोन हात. माझा वाटेकरी म्हणतो, दीड पुरे झाला. वाटेकऱ्याची समजूत मला घालायची आहे.

हे सगळे छापू का, असे मी दादाला विचारले, कारण हे साप्ताहिक त्याच्याही घरी येते. तो म्हणाला, "छाप. पर चिंचेचं घाल." म्हणून येथे घालतो. आमच्या बांधावर आईने १९७८ साली लावलेली चिंच आहे. मोजणीत तिचा बुंधा दादाच्या बाजूला गेला आणि निम्म्या फांद्या माझ्या बाजूला आल्या. मोजणीनंतर मी माझ्या बाजूच्या चिंचा कधी झोडल्या नाहीत आणि दादानेही त्यांना हात लावला नाही. दर वर्षी त्या खाली पडतात आणि गावातली पोरे उचलून नेतात.

आता तुमची पाळी. आमच्या गटाच्या पोरीकडून मी या सदरासाठी एक शब्द मागून घेतला आहे. शब्द आहे 'विहीर'. यावर शंभर शब्दांची एक गोष्ट लिहा. खरी असो, रचलेली असो. गावाचा इतिहास, जमिनीचा प्रकार आणि पाण्याची पातळी सांगत बसू नका. एखादे माणूस, फार तर दोन, आणि एखादी वेळ घ्या. आधी हवे तेवढे लिहा आणि मग विरळणी करा. तात्पर्य लिहू नका. ते लिहायची सवय मला आहे, तुम्हाला नसावी. घरातल्या बायामाणसांनी आणि मुलांनी जरूर लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. पोस्टकार्डावर शंभर शब्द बसतात, मी बारीक अक्षरात लिहून पाहिले आहेत. नाव घालायचे नसेल तर घालू नका. बक्षीस काही नाही. आलेल्यांपैकी जमतील तेवढ्या गोष्टी पुढे याच पानावर देऊ.

पाठवण्यापूर्वी शब्द मोजा. इकडे आल्यावर मीही मोजणार आहे.